चोवीस मिलिमीटरचं कडं

८ जानेवारी, बुधवार

आजपासून मिलिमीटरचा रकाना बंद. रिपोर्टचे नवे कागद हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून छापून आणले. छापणारा म्हणाला, "अक्का, एक रकाना ऱ्हायला की." म्हटलं, राहिला नाही, काढलाय.

का काढला ते इथं लिहून ठेवते, म्हणजे उद्या डोकं तापलं तरी आठवेल. माझ्या लॅबमध्ये आजारी जनावरांचा पू येतो, दूध येतं, लघवी येते. त्यातले जंतू मी डिशमध्ये वाढवते आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवते. औषध जंतूंना रोखत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो. त्याला आमच्याकडे सगळे कडं म्हणतात. आणि धारवाड-हुबळीतल्या जनावरांच्या डॉक्टरांची पद्धत अशी, की रिपोर्ट हातात आला की सगळ्यात मोठं कडं बघायचं आणि ते औषध लिहून मोकळं व्हायचं. इनामदार सरांनी कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं. आमच्या आधीच्यांना आणि नंतरच्यांनाही.

हे चूक आहे. एखादं औषध डिशमधल्या जेलीत लांबवर पसरतं, एखादं जागच्या जागी राहतं, म्हणून प्रत्येकाची हद्द वेगळी. पू करणाऱ्या जंतूंसमोर पेनिसिलिनचं कडं अठ्ठावीस आलं तरी ते नापास, आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं अठरा आलं तरी ते पास. पण आकडा छापला की डोळा आकड्यावर जातो, पुढचं अक्षर कुणी वाचत नाही. म्हणून आता फक्त अक्षर. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही. संपलं.

अप्पांना कागद दाखवला. ते म्हणाले, "डॉक्टरलोक चिडतील की, दीक्षा." चिडू देत.

११ जानेवारी, शनिवार

चिडले. विशालचा फोन आला. हा माझ्याच वर्गातला, आता इनामदार सरांच्या दवाखान्यात असतो. "अगं, आकडा टाक ना. तुझं काय जातंय? सर म्हणाले, पोरगी फार शहाणी झाली."

"शहाणी होते म्हणूनच पास झाले," म्हटलं.

तो हसला आणि म्हणाला, हुबळीची ती दुसरी लॅब आकडे रंगीत छापून देते, सगळे तिकडं चाललेत. जाऊ देत. वर्गात मी प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून हसू यायचं. कोट्यातून आलेली, हिला काय कळणार, असं. विशाल हसायचा नाही, पण हसणाऱ्यांच्या शेजारी बसायचा. तेव्हापासून माझा कायदा एकच, विचारलं तेवढंच उत्तर आणि तेही लेखी. बोलून दाखवलं की लोकांना वाटतं आपण विनवणी करतोय.

१३ जानेवारी, सोमवार

इनामदार सरांचा नमुना आला. मी रकाना बंद केल्यावर सर पाठवणार नाहीत असं वाटलं होतं, पण धारवाडात दुसरी लॅब नाही. नमुना घेऊन कुत्र्याची मालकीणच आली. केलगेरीच्या अंबूताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. कुरिअरवर विश्वास नाही म्हणून रिक्षा करून रायापूरला माझ्या लॅबपर्यंत आल्या, आणि कुत्री घरी एकटी राहत नाही म्हणून तिलाही घेऊन आल्या.

कुत्री मुधोळ जातीची, पांढरीशुभ्र, उंच. नाव बेळ्ळी. कानडीत चांदी. नोव्हेंबरात तलावाच्या रस्त्यावर टेंपोनं उडवलं, मागच्या पायाचं हाड मोडलं. सरांनी ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवली. पट्टी उत्तम बसली, पण जखम भरेना, पू थांबेना. सरांनी आतला पू सुईनं ओढून पाठवला होता. नमुना कसा घ्यावा हे त्यांच्याकडून शिकावं, तेवढं मी मान्य करते.

"डॉक्टरबाई, ही पळायला लागली की तलावाला वेढा घालून परत यायची. मी अजून पहिल्या झाडापाशी असायची," अंबूताई म्हणाल्या. बेळ्ळी तीन पायांवर उभी राहून माझ्या टेबलाचा वास घेत होती. मी म्हटलं, परवा रिपोर्ट मिळेल.

१५ जानेवारी, बुधवार

डिश बघितली. एकच जात वाढली आहे, भरगच्च, म्हणजे बाहेरची भेसळ नाही. कुत्र्यांच्या कातडीवरचाच जंतू, पण बिघडलेला. ऑक्सासिलिनच्या चकतीला चिकटून वाढलाय, कडं नावालाही नाही.

ऑक्सासिलिन नापास झालं की त्याचं सगळं खानदान नापास धरायचं हा नियम. पेनिसिलिन आणि त्याची भावंडं, सेफॅलेक्सिन आणि त्याची भावंडं, सगळी. डिशमध्ये त्यांचं कडं दिसलं तरीही. कारण ते कडं फसवं असतं; डिशमधल्या एका रात्रीत जंतू दबतो, अंगात गेल्यावर उठून बसतो. आणि नेमकं सेफॅलेक्सिनचं कडं आजच्या डिशमध्ये सगळ्यात मोठं आहे. चोवीस. आरशासारखं स्वच्छ.

मी आर लिहिलं. चालणारं एकच सापडलं, क्लोरॅम्फेनिकॉल, कडं एकोणीस. तिथं एस. रिपोर्ट पाठवला.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी सरांचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "सेफॅलेक्सिन किती मिलिमीटर?"

"सर, रिपोर्टात आर आहे."

"मी अक्षर विचारलं नाही."

मी सांगितलं नाही. तासाभरात सर स्वतः आले. सत्तरीला टेकले तरी जिना दमदार चढतात. डिश मागितली, खिशातून शाळेतल्या पोरांची असते तशी प्लॅस्टिकची पट्टी काढली आणि खिडकीशी जाऊन मोजलं.

"चोवीस. दिसतंय ना तुला?"

"दिसतंय, सर."

"मग?"

"मग आर."

"टायपिंगची चूक झाली असेल तर सांग. माणसाकडून होती. बदलून दे."

"चूक नाही. बदलणार नाही."

सरांनी मोजपट्टी परत खिशात टाकली. म्हणाले, "दीक्षा, सुम्ने हट्ट करू नको," आणि गेले. सुम्ने म्हणजे उगाच. मी काही उगाच करत नाही. ऑक्सासिलिनसमोरही आर लिहिलंय, सगळ्यात वरती. ज्याला वाचायचंय त्याला त्यात सगळं आहे.

२५ जानेवारी, शनिवार

या आठवड्यात तीन नमुने. तिन्ही गावाकडचे. शहरातून एकही नाही. सरांचे विद्यार्थी सगळीकडे बसलेत, त्यांचा शब्द पडला की संपलं.

रात्री जेवताना अप्पांना सगळं सांगितलं. अप्पा रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झाले तरी त्यांचे प्रश्न अजून पाळी बदलताना विचारावेत तसे तुटक. "असं का लिहिलंस ते त्यांना सांगितलंस का?"

"लिहिलंय की."

"सांगितलंस का, विचारतोय."

"अप्पा, ते माझे सर आहेत. त्यांना मी शिकवायचं?"

अप्पा ताटातल्या शेंगदाण्याच्या चटणीत बोट फिरवत बसले. ते बहुतेक माझ्याच बाजूनं होते, पण आता त्यांनाही भीती वाटू लागली असावी. मला नाही वाटत. लॅब बंद करायची वेळ आली तर करीन, खोटं कडं छापून चालवणार नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज फार राग आलाय, अक्षर वाकडं येतंय.

अंबूताई आल्या, बेळ्ळीला रिक्षावाल्यानं उचलून आणलं. मांडीपर्यंत सूज, ताप, डोळे मंद. टेबलाचा वाससुद्धा घेतला नाही. "सर म्हणाले, हा आठवडा बघू, नाहीतर पाय कापावा लागेल," अंबूताई म्हणाल्या. "तुझा रिपोर्ट आला, औषध सुरू झालं, तरी असं का ग?" आज मला डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत.

कुठलं औषध, विचारलं. पिशवीतून पाकीट काढलं. सेफॅलेक्सिन.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आर लिहिलेलं औषध दोन आठवड्यांहून जास्त दिवस चाललंय. डॉक्टरांचे उपचार मालकापुढं काढायचे नाहीत हा लॅबचा शिरस्ता, मी आजवर मोडला नव्हता. आज मोडला. स्पष्ट सांगितलं की हे औषध या जंतूवर चालत नाही.

"पण सर तर म्हणाले, ह्याचं कडं सगळ्यात मोठं."

आता यांना काय समजावणार? त्यांच्या हातात सोन्याच्या बांगड्या होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. की बांगडी घेताना दुकानातली सगळ्यात मोठी कुणी घेत नाही. हाताला बसेल ती घेतो. बारक्या पोरीची बांगडी वेगळ्या मापाची, थोराची वेगळ्या मापाची. तसं प्रत्येक औषधाचं माप वेगळं, आणि हे मोठं कडं बेळ्ळीच्या जंतूला बसत नाही, नुसतं मोठं दिसतं. शिवाय धातूच्या पट्टीवर हे जंतू शेवाळासारखा थर धरून बसतात. पट्टी आत आहे तोवर कुठलंही औषध पुरं पोचायचं नाही. हाड जुळलं असेल तर पट्टी काढली पाहिजे.

अंबूताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि हे तू सरांना असं सांगितलंस?"

"असं कशाला सांगू? ते डॉक्टर आहेत. रिपोर्टात आहे."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. काही कळलं नसावं बिचाऱ्यांना. "बा बेळ्ळी, बा," असं बोलावत कुत्रीला उठवायला गेल्या. ती उठली नाही. आम्ही दोघींनी मिळून रिक्षात ठेवली. तिचं डोकं माझ्या हातावर होतं, आणि एवढ्या उंच कुत्रीचं डोकं इतकं हलकं असतं हे मला माहीत नव्हतं. रिक्षा गेल्यावर मी रडले. रागानं रडले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तोच रिपोर्ट सरांना पुन्हा पाठवला. या वेळी आर लाल शाईत. खाली एक ओळ: 'हाड जुळले असल्यास पट्टी काढावी.' उत्तर नाही.

संध्याकाळी विशालचा फोन. "लॅबनं सर्जनला पट्टी काढायला सांगायचं? दीक्षा, तू कुठं चाललीस?"

"मी कुठं जात नाही. इथंच आहे, रायापूरला, जिना चढून वर."

६ फेब्रुवारी, गुरुवार

काय चाललंय काही समजेना. विशालनं सांगितलं, सरांनी सेफॅलेक्सिन बंद केलं. क्लोरॅम्फेनिकॉल सुरू. एक्स-रे काढला, हाड जवळजवळ जुळलंय, ताप उतरला की पट्टी काढणार. लाल शाईचा परिणाम झाला तर.

पण त्यानं दुसरंही सांगितलं, ते ऐकून जीव तुटला. काल अंबूताई सकाळीच दवाखान्यात येऊन बसल्या. सर म्हणाले वेळ नाही, तर म्हणाल्या मी बसते. दुपारी केबिनमध्ये गेल्या त्या कितीतरी वेळ बाहेर आल्या नाहीत. विशाल इंजेक्शन न्यायला आत गेला तर अंबूताईंनी हातातल्या बांगड्या काढून सरांच्या टेबलावर मांडल्या होत्या, आणि सर मान खाली घालून त्या बघत होते.

बांगड्या काढून द्यायची वेळ यावी? शाळेच्या पेन्शनीत दोन ऑपरेशनं भागत नाहीत हे सरांना दिसत नाही? मी लगेच निरोप पाठवला, बेळ्ळीच्या एकाही तपासणीचे पैसे लॅब घेणार नाही. आणि सरांनी काय ते समजून घ्यावं. विशालनं विचारलं, काय समजून घ्यावं? म्हटलं, त्यांना कळेल.

अंबूताईंना फोन करून एवढंच सांगितलं, की ती नवी गोळी हातमोजे घालून द्यायची, माणसाला बाधू शकते. बांगड्यांचं काही बोलले नाही. कुणाच्या अडचणीला बोट लावू नये.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज पट्टी काढली. दुपारी ती निर्जंतुक बाटलीत माझ्याकडे आली, सोबत सहा स्क्रू. तपासणीसाठी. सरांनीच पाठवली. बाटली उजेडात धरून बघितली. एवढ्याशा लोखंडावर केवढं रामायण.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पट्टीवर तोच जंतू. तसाच, तस्साच, ऑक्सासिलिनला चिकटून. सेफॅलेक्सिनचं कडं या वेळी पंचवीस. मला हसू आलं.

रिपोर्ट टाइप करायच्या आधीच सरांचा फोन. मी सरसावून बसले. मिलिमीटर विचारले तर काय बोलायचं ते ठरलेलं होतं, पाठच होतं.

"काय वाढलं?"

"तोच, सर."

"हं." मागं दवाखान्यातल्या कुत्र्यांचा आवाज. "जखम आता कोरडी आहे. गोळी अजून किती दिवस देऊ? का बंद करू?"

सरांनी मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, धातू निघालाय, जखम स्वच्छ आहे, ताप नाही, तर आठवडाभरात बंद करता येईल. आणि मग, का कुणास ठाऊक, तोंडातून गेलं, "सर, सेफॅलेक्सिनचं कडं या वेळी पंचवीस आलंय."

"कडं राहू दे," सर म्हणाले. "हाताला बसेल ते सांग."

फोन ठेवल्यावर मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन तशीच उभी राहिले. हाताला बसेल ते. हे सरांचं बोलणं नव्हे. सर असं बोलत नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

केलगेरीला गेले. म्हटलं तर बेळ्ळीला बघायला.

अंबूताई अंगणात होत्या. दोन्ही हातांत बांगड्या होत्या. मी विचारलं, सोडवून आणल्या का?

"कुठून सोडवू?"

"सरांकडून. तुम्ही टेबलावर काढून ठेवल्या होत्या ना."

अंबूताई एवढ्या हसल्या की खुर्चीत बसावं लागलं. "अगं वेडे, गहाण नव्हत्या टाकल्या. माझ्या दोन आणि नातीच्या दोन नेल्या होत्या, मांडून दाखवल्या. तू मला दाखवलंस तसंच. म्हटलं, सर, ही मोठी आहे, घाला बघू नातीच्या हातात, कोपरापर्यंत जाती की नाही? म्हणाले, हे मला कुणी असं सांगितलंच नाही. मी म्हटलं, ती पोरगी सांगती की. तुम्ही आकडा मागता म्हणून ती गप्प बसती."

लाल शाई, दोन दोन रिपोर्ट, आर, आर, आर. आणि मी जे सहज, समजणार नाही असं धरून, पाच मिनिटांत बोलून गेले होते, तेवढंच पोचलं. तेही यांच्या तोंडून. लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

तेवढ्यात बेळ्ळी आली. चार पायांवर. चौथा अजून जपून टेकवते, पण टेकवते. माझ्या चपलांचा वास घेतला, पर्सचा घेतला, मग तलावाच्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. अंबूताई म्हणाल्या, "बेड ग बाई, आज नको." ती कुणाचं ऐकते. फाटकाला नाक लावून उभीच.

४ मार्च, मंगळवार

सरांनी दोन नमुने पाठवले. माफी वगैरे काही नाही, तशी अपेक्षाही नाही. विशाल म्हणतो, सर आता दवाखान्यात सगळ्यांना बांगड्यांचं सांगतात, आणि आपलंच आहे असं सांगतात. सांगू देत.

मिलिमीटरचा रकाना मी उघडणार नाही. कुणीही सांगो. अप्पांनाही तसं सांगितलं. ते म्हणाले, "रकान्याचं कोण बोलतंय?"

दुपारी नवलगुंदहून एका डॉक्टरांचा फोन. कधी भेट नाही, ओळख नाही, आवाज चढलेला. म्हशीच्या दुधाचा रिपोर्ट मिळाला होता. "आकडेच नाहीत की बाई ह्याच्यात. कडं किती आलं ते सांगा."

"ते सांगणार नाही," मी म्हटलं. "पण तुमच्या घरी बांगड्या कोण कोण घालतं, ते सांगा. मला वेळ आहे."